उकिरड्यावरची लोकर

आषाढी वारीत जगद्गुरू संत तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुका ओलांडून बारामतीच्या पुढे काटेवाडीला पोहोचते, तेव्हा तेथे एक विलक्षण सोहळा रंगतो. परीट समाजाची मंडळी पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि धनगर बांधव आपली मेंढरे पालखीच्या रथाभोवती धावती करतात. मेंढ्यांच्या या रिंगणाने कळपावरचे रोगराईचे सावट टळते, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. शेकडो मेंढरांचे ते काळे-करडे वलय रथाला प्रदक्षिणा घालते आणि वारकऱ्यांच्या मुखातून विठ्ठलनामाचा गजर उठतो. दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवरून हे दृश्य घरोघरी पोहोचते, छायाचित्रे छापून येतात, कौतुकही भरपूर होते. पालखी पुढे जाते. मेंढरे पुन्हा माळाकडे वळतात. त्या मेंढरांच्या अंगावर जी लोकर असते तिचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

त्याचे उत्तर सुखावह नाही. ज्या लोकरीवर दख्खनच्या पठारावरील हजारो कुटुंबांची चूल पेटत होती, ती लोकर आज अनेक ठिकाणी उकिरड्यावर जाते, बांधावर फेकली जाते किंवा जाळून टाकली जाते. मेंढी कातरायला जी मजुरी मोजावी लागते तेवढेही दाम लोकरीचे येत नाही. लोकर काढली नाही तर उन्हाळ्यात जनावराला त्रास होतो, गोचिडांचा उपद्रव वाढतो. म्हणून मेंढपाळ पदरमोड करून लोकर उतरवतो आणि टाकून देतो. आजोबांच्या काळी जे धन होते ते नातवाच्या काळी ओझे झाले आहे. एखाद्या समाजाचा व्यवसाय बुडतो म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर हे तालुके परंपरेने मेंढपाळांचे. भीमेच्या काठचा हा भीमथडीचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस बेताचा, माळराने मोठी. कालव्याचे पाणी पोहोचले तेथे ऊस उभा राहिला, साखर कारखाने आणि गुऱ्हाळे आली. पण जेथे ते पोहोचले नाही तेथे दख्खनी मेंढीनेच माणसाला तारले. खुरटे गवत आणि काटेरी झुडपे खाऊन जगणारी, दिवसाकाठी मैलोन्‌मैल चालणारी ही काटक मेंढी. दसरा-दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून घाट उतरत, कोकणातील भाताच्या खाचरांत मेंढरे बसवीत. त्या खताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य मिळे आणि पावसाळ्याच्या तोंडी वाडे पुन्हा देशावर परतत. शेतकरी आणि मेंढपाळ यांच्यातील हे परस्परावलंबन म्हणजे आपल्या ग्रामव्यवस्थेचा एक सुंदर वस्तुपाठच होता. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने या लोकजीवनाचा, खंडोबा-बिरोबा-म्हसोबा या दैवतांचा आणि ओव्यांचा मागोवा घेण्यासाठी आपले आयुष्य वेचले. परक्या देशातून आलेल्या माणसाला ज्या संस्कृतीचे मोल उमगले, तिच्याकडे शेजारच्या शहरातील सुशिक्षितांनी मात्र पाठ फिरवली.

या व्यवस्थेतच एक घरगुती गिरणी दडलेली होती. तिला धुराडे नव्हते, भोंगा नव्हता की हजेरीपट नव्हता. मेंढपाळाने वर्षातून दोनदा मेंढ्या ओढ्यावर धुऊन कातरायच्या; घरातील आजी, सुना यांनी लोकर पिंजून सूत कातायचे; सणगर आणि खुटेकर कुटुंबांतील कर्त्या पुरुषांनी ताणा लावून, त्याला चिंचोक्याची खळ देऊन हातमागावर घोंगडी विणायची. कातणाऱ्या हाताला डोळ्यांची फारशी गरज लागत नसे. बोटांनाच धाग्याची जाडी कळे. नातवंडे आजीजवळ बसून लोकर सोडवता सोडवता कातायला शिकत. घरातील म्हातारे माणूस अखेरपर्यंत कमावते राहत असे, ही या उद्योगाची सर्वांत मोठी देणगी. आज वृद्धांच्या प्रश्नांवर परिसंवाद घेणाऱ्या समाजाने याचा जरूर विचार करावा.

आणि घोंगडी तरी किती गुणांची! लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश बाष्प शोषूनही अंगाला ओला लागत नाही. पेट घेतला तरी भडकत नाही. थंडीत ऊब, रिमझिमीत आडोसा, रानात अंथरूण, घरी बैठक. मेंढक्याच्या डोक्यावर घोंगडीची खोळ, पाहुण्याला बसायला घोंगडी, जागरण-गोंधळाला घोंगडी, वारकऱ्याच्या खांद्यावरही घोंगडीच. गोपाळांबरोबर गुरे राखणाऱ्या श्रीकृष्णाच्या खांद्यावर कांबळे आहे. जेजुरीच्या खंडोबाने बाणाईसाठी धनगरवाड्यावर मेंढरे राखली, अशी लोककथा आहे. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. आदमापूरच्या संत बाळूमामांनी १९६६ साली देह ठेवला. पण त्यांची मेंढरे आजही गावोगाव फिरतात आणि ती शिवारात आली की गावकरी त्यांचे देवासारखे स्वागत करतात. ज्या वस्तूला समाजाने देवघरात जागा दिली, तिला बाजारात जागा उरली नाही, हीच खरी विसंगती आहे.

असे का झाले, याचा शोध घेताना महाराष्ट्रातील एका नामवंत लोकर गिरणीचा इतिहास डोळ्यांपुढे येतो. ठाण्याच्या खाडीकाठी १९२५ साली सुरू झालेली गिरणी पुढे रेमंड या नावाने देशाला ठाऊक झाली. १९४४ साली लाला कैलाशपत सिंघानिया यांनी ती घेतली आणि तेव्हापासून हा उद्योग त्याच घराण्याकडे आहे. प्रारंभी या गिरणीत जाडीभरडी कांबळी आणि स्वस्त लोकरी कापड निघत असे. पुढील पिढ्यांनी यंत्रे बदलली, तलम सुटिंग विणायला घेतले आणि भारतीय कापडाला प्रतिष्ठा मिळवून दिली. ठाण्यात हजारो कामगारांचे संसार या गिरणीवर उभे राहिले, कुटुंबाच्या नावाची शाळा निघाली, शहराचा एक भागच गिरणीच्या नावाने ओळखला जाऊ लागला. उद्योजक कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चिकाटी धरली तर काय घडते, याचे हे उदाहरण गौरवास्पदच आहे.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तलम कापडासाठी लागणारी लोकर ही मेरिनो मेंढीची, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येणारी. तिच्या तंतूची जाडी साधारण २४ मायक्रॉनच्या आत असते. दख्खनी मेंढीचा तंतू त्याच्या दुपटीच्या आसपास जाड, आखूड आणि केसाळ. त्यामुळे महाराष्ट्रातील लोकरीची गिरणी जसजशी मोठी होत गेली, तसतशी महाराष्ट्रातील लोकर तिच्या दारापासून दूर गेली. यात कोणाचा दोष नाही. यंत्राचा आणि बाजाराचा तो धर्मच आहे. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर ठाण्याच्या गिरणीतील उत्पादनही थांबले, काम अन्य राज्यांतील आणि जिल्ह्यांतील कारखान्यांत गेले आणि गिरणीच्या जमिनीवर आता निवासी मनोरे उभे राहत आहेत. उत्तरेतही वेगळे काही घडले नाही. कानपूरची १८७६ सालची ‘लाल इमली’ आणि पंजाबातील धारीवालची १८८० सालची गिरणी या दोन्ही एकेकाळी घराघरांत पोहोचलेल्या संस्था. १९८१ साली त्या सरकारच्या ताब्यात आल्या. पण सरकारी मालकीनेही त्यांची चाके फिरती राहिली नाहीत. कामगारांच्या वस्त्या राहिल्या आणि भोंगा मुका झाला.

इकडे घोंगडीवर दुसऱ्या बाजूने घाव बसला. पानिपतमध्ये जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून केलेल्या सुताची स्वस्त ब्लँकेटे देशभर पसरली; त्यापाठोपाठ पॉलिएस्टरच्या मऊ, रंगीबेरंगी चादरी आल्या. आठवडे बाजारात घोंगडीच्या कितीतरी कमी दरात ब्लँकेट मिळू लागल्यावर गरीब गिऱ्हाईक तिकडे वळले, यात नवल नाही. सूत महाग, विणणावळ अपुरी आणि गिऱ्हाईक नाही, अशा कोंडीत सणगरांची मुले गवंडीकामाला, गाड्यांवर, कारखान्यांत गेली. माणदेशात, सांगोल्याच्या परिसरात अजून काही माग चालू आहेत. पण त्यावर बसणारे हात बहुधा वयस्कच दिसतात.

मेंढपाळानेही काळाची पावले ओळखली. लोकरीला भाव नाही, मांसाला आहे, हे कळल्यावर त्याने अधिक वजनाच्या, झटपट वाढणाऱ्या माडग्याळसारख्या जातींकडे मोर्चा वळवला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात विकसित केली. त्यातून मेंढपाळाच्या हाती चार पैसे अधिक आले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु आकडे काय सांगतात? देशातील मेंढ्यांची संख्या २०१२ साली सुमारे ६ कोटी ५१ लाख होती. २०१९ च्या पशुगणनेत ती ७ कोटी ४३ लाखांच्या घरात गेली. आणि लोकर? २०१८-१९ मध्ये देशात सुमारे ४ कोटी ४ लाख किलो लोकर निघाली होती, ती २०२२-२३ मध्ये ३ कोटी ३६ लाख किलोवर आली. मेंढ्या वाढल्या आणि लोकर घटली! महाराष्ट्रातील सुमारे २७ लाख मेंढ्यांच्या पाठीवरील लोकर कोणाच्या हिशेबातच नाही, असा याचा अर्थ होतो. त्याच वेळी आपला गालिचा उद्योग मात्र न्यूझीलंडसारख्या देशांतून जाडी लोकर आयात करतो. घरचे झाले थोडे, असे म्हणायचीही सोय नाही; कारण घरचे आहे, पण ते फेकून देऊन बाहेरचे आणले जात आहे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. बाजाराला जे नको ते जगवण्याचा अट्टहास कशासाठी? घोंगडी टोचते, तिचा काळा रंग दुसऱ्या रंगात रंगवता येत नाही, तरुणांना ती नको आहे. मग ही केवळ भावुकता नव्हे काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. केवळ आठवणींच्या बळावर कोणताही उद्योग टिकत नाही. घोंगडीवर कविता करून सणगराच्या घरी दिवा लागणार नाही. परंतु जाड्या लोकरीला उपयोग नाही, हे विधान खरे नाही. गालिचे, जाजमे, आसने, पिशव्या, नमदे यांना जाडीच लोकर लागते. घरांच्या भिंती-छतांत उष्णता आणि आवाज रोखण्यासाठी लोकरीचे थर जगात वापरले जात आहेत. अगदी निकृष्ट, काड्याकचऱ्याची लोकरही नत्राने समृद्ध असून पाणी धरून ठेवते. त्यामुळे बागेत आणि शेतात ती खत म्हणून चालते. न रंगवलेली, निसर्गतः काळी-तपकिरी लोकर हीच जाणत्या ग्राहकाला आज हवीशी वाटते. २०२५ मध्ये मुंबईच्या सुरेश एरियत यांनी दख्खनी लोकरीवर, लोकरीचाच वापर करून केलेल्या ‘देसी ऊन’ या लघुपटाला फ्रान्समधील अ‍ॅनेसी येथील जागतिक महोत्सवात परीक्षकांचा पुरस्कार मिळाला. जगाने टाळ्या वाजवल्या. आता घरच्यांनी डोळे उघडायचे आहेत.

खरी उणीव आहे ती मधल्या दुव्याची. एका टोकाला मेंढपाळ आहे, दुसऱ्या टोकाला थोडे का होईना विणकर आहेत. पण लोकर गोळा करणारी, निवडणारी, धुणारी, पिंजणारी आणि तिचे एकसारखे सूत काढणारी छोटी गिरणी मध्ये नाही. हातकताईचे सूत पुरत नाही आणि मोठ्या गिरणीला ही लोकर चालत नाही. जेथे हा दुवा सांभाळला गेला तेथे काय घडले, हे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर पाहावे. तेथील हॅरिस ट्वीड हे कापड जगभर महाग विकले जाते. त्यासाठी १९१० मध्ये मुद्राचिन्ह नोंदवले गेले आणि १९९३ साली ब्रिटिश संसदेने स्वतंत्र कायदाच केला. लोकर त्याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली असली पाहिजे आणि कापड बेटवासीयांनी आपल्या घरी, हाताने विणलेले असले पाहिजे, असे तो कायदा सांगतो. म्हणजे सूत गिरणीत आणि विणकाम घरात! यंत्र आणि घर यांची अशी सांगड घालता येते. एकाने दुसऱ्याला गिळलेच पाहिजे, असा काही नियम नाही.

इतक्या दूर जायचे नसेल तर हिमाचल प्रदेशात पाहावे. कुलूजवळच्या भुट्टी गावातील विणकरांनी १९४४ साली सहकारी संस्था स्थापन केली. आज कुलूच्या शालींचा व्यवहार करणाऱ्या संस्थांत तिचे नाव आदराने घेतले जाते आणि कुलू शालीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. ज्या वर्षी ठाण्याची गिरणी एका कर्तबगार घराण्याकडे आली, त्याच वर्षी हिमालयातील काही साधे विणकर एकत्र येऊन स्वतःच्या पायावर उभे राहत होते, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. सहकाराची पंढरी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने उसाला कारखाना दिला, दुधाला संघ दिला. मेंढपाळाच्या लोकरीला त्या ताकदीचा आधार मात्र कधी दिला नाही.

आणि प्रेरणा तर घरातच आहे. चौंडीच्या धनगर कुटुंबात १७२५ साली जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी महेश्वरला राजधानी केली, तेव्हा मंदिरे आणि घाट बांधण्याबरोबरच त्यांनी विणकरांना आणून वसवले. महेश्वरी साडी ही त्या दूरदृष्टीची आजही जिवंत असलेली खूण होय. पुढे मागांना उतरती कळा लागली, तेव्हा १९७०च्या दशकाअखेर होळकर घराण्यातील वंशजांनीच ‘रेहवा’ संस्थेच्या रूपाने ते पुन्हा चालते केले. म्हणजे बुडालेला माग पुन्हा उभा राहू शकतो, हे अहिल्यादेवींच्या नगरीनेच सिद्ध केले आहे. २०२५ साली त्यांची त्रिशताब्दी साजरी झाली, चौंडीला राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली, अहमदनगर जिल्ह्याला त्यांचे नाव त्याआधीच मिळाले होते. हे सारे योग्यच झाले. परंतु अहिल्यादेवींचे खरे स्मारक त्यांच्या नावाच्या फलकापेक्षा मेंढपाळाच्या घरात पुन्हा खणखणणाऱ्या चार नाण्यांत आहे, याचा विसर पडू नये.

शासनाच्या योजना नाहीत असे नाही. पुण्यात मुख्यालय असलेले अहिल्यादेवींच्या नावाचे मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. २०१७ पासूनच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक मेंढानर असा गट अनुदानावर दिला गेला. केंद्राने एकात्मिक लोकर विकास कार्यक्रमासाठी २०२१-२२ ते २०२५-२६ या काळाकरिता १२६ कोटी रुपयांची तरतूद केली. मात्र मेंढ्यांची संख्या वाढवणे आणि लोकरीला दाम मिळवून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योजनांचा ओघ पहिल्या गोष्टीकडे राहिला. दुसरी वाऱ्यावर राहिली.

केडगाव-चौफुल्याचा परिसर या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. पुणे-सोलापूर महामार्ग आणि शिरूर-सातारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात, पुणे-दौंड लोहमार्गावरचे स्थानक हाकेच्या अंतरावर आहे. उत्तरेला भीमेपलीकडे शिरूर, दक्षिणेला बारामती, पश्चिमेला जेजुरीचा पुरंदर. सगळा मेंढपाळांचा टापू भोवती आहे आणि तुकोबांची पालखी याच वाटेने वरवंडला जाते. याच केडगावात पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निराधार स्त्रियांना विणकाम, छपाई अशी कामे शिकवली होती. त्यांच्या धर्मांतराविषयी आणि मिशनच्या हेतूंविषयी तीव्र मतभेद असणारच. पण हाताला काम मिळाले की माणूस ताठ उभा राहतो, हा धडा कोणाकडूनही घ्यावा. अशा ठिकाणी मेंढपाळ, विणकर आणि कातणाऱ्या महिलांचे बचत गट यांच्या सामायिक मालकीची एक छोटी लोकर गिरणी उभी राहिली तर? कातरणी ताडपत्रीवर व्हावी, काळी-पांढरी लोकर जागीच वेगळी केली जावी, वजनावर आणि प्रतीवर रोख दाम मिळावे. धुलाईचे पाणी शुद्ध करूनच सोडले जावे. भीमेवर आणखी भार नको. सूत विणकरांच्या घरी जावे. काम मोठे नाही; चिकाटीचे मात्र आहे.

पण गिरणी उभी राहिली तरी ती चालवायची कोणी? याचे उत्तर मंत्रालयात नाही, मध्यमवर्गीय घरात आहे. दिवाळीत पाच-पाच हजारांची खरेदी सहज करणाऱ्या कुटुंबाने एक अस्सल हातमागाची घोंगडी किंवा चार लोकरी आसने घेतली, तर त्याचा संसार मोडणार नाही. पण एखाद्या विणकराचा उभा राहील. देवस्थानांनी सत्कारात प्लास्टिकच्या वेष्टनातील शालीऐवजी घोंगडी द्यावी. वसतिगृहे, आश्रमशाळा यांच्या खरेदीत स्थानिक लोकरीला जागा असावी. नवे घर बांधणाऱ्या वास्तुविशारदांनी लोकरीच्या थरांचा विचार करावा. आणि कार्यकर्त्यांनी वाड्यावर जाऊन मेंढपाळाशी बोलावे, त्याच्या मुलांच्या शिक्षणाबरोबर त्याच्या लोकरीचीही चौकशी करावी. स्वदेशी म्हणजे परकीय वस्तूचा द्वेष नव्हे. आपल्या माणसाच्या श्रमाची ओळख ठेवणे म्हणजे स्वदेशी. घोषणेत ते सोपे असते, खरेदीत त्याची कसोटी लागते.

पुढील आषाढात पालखी पुन्हा चौफुल्यावरून जाईल आणि काटेवाडीला मेंढरे पुन्हा रथाभोवती धावतील. मेंढपाळ नेहमीप्रमाणे पालखीसमोर हात जोडून कळपासाठी आरोग्य मागेल. ते त्याला विठ्ठल देईल. लोकरीचे दाम मात्र समाजाने द्यायचे आहेत.